तीन अक्षरांची जागा

निपाणीत, बसस्टँडच्या मागच्या बाजूला
माझं टायपिंगचं दुकान.
अर्ज, करारपत्रं, लग्नपत्रिका.
कीबोर्ड एक, लिप्या दोन,
आणि शेजारच्या वखारीतून येणारा तंबाखूचा खकाणा,
ज्यानं गिऱ्हाईक शिंकतं, मी नाही.

पद्मश्री चौगुले आली श्रावण संपता संपता.
आठवीतली. दूधगंगेनं घर नेलं
म्हणून तीन आठवडे शाळेत राहिलेली,
स्वतःच्याच वर्गात, बाकं बाहेर काढून.
हातात दोनशे पानी वही,
पाणी पिऊन पावासारखी फुगलेली.
"कादंबरी हाय मामा. जादूच्या राज्याची.
पानाला किती घेतासा?"

पंधरा म्हणालो. एरवी तीस घेतो.

रात्री शटर अर्धं ओढून बसलो.
ईरू नावाचा पोरगा. त्याचं गाव एका माशानं गिळलंय.
चालत चालत तो येतो अशा राज्यात
जिथं विहिरी रात्री जागा बदलतात,
राणीच्या केसांत मधमाश्या राहतात आणि वेळेवर भाडं भरतात,
ढग गोठ्यात बांधलेले, पहाटे त्यांची धार काढायची.
परक्याला सगळं मिळतं तिथं:
भाकरी, घोंगडं, उडणारी एक म्हातारी म्हैस.
फक्त प्रत्येक नाक्यावर जकात.
आपल्या बोलीतला एक शब्द काढून द्यायचा.
दिला की तोंडातनं जातो, कायमचा.
शिपाई तो जिभेवर ठेवून बघतात, खरा आहे का,
मग बरणीत टाकून झाकण लावतात.

ईरू हुशार. आधी नकोसे शब्द देतो:
गोचीड. खरूज. उसनवारी.
शिपाई हसतात. वजन भरत नाही म्हणतात.
मग द्यावं लागतं शिंकाळं. मग कालवण.
मग आई त्याला ज्या नावानं हाक मारायची, ते;
आणि त्यानंतरची चार पानं त्याला
कुणी हाक मारली तरी तो मागं वळत नाही.

सत्तेचाळिसाव्या पानावर चहाला उठलो.
परत येऊन पडद्याकडं बघितलं.
तिनं लिहिलेलं 'न्हाई'. मी केलेलं 'नाही'.
तिचं 'हितं', माझं 'इथे'.
'वाईच' तर उडालंच होतं, तिथं 'थोडेसे' बसलेलं,
पाहुण्याच्या खुर्चीत बसावं तसं अवघडून.
सवय हो. बावीस वर्षांची.
कुणी सांगितलं नव्हतं.
पानाला पंधरा रुपयांत, न मागता,
मीच बसलो होतो नाक्यावर, बरणी घेऊन.

पुन्हा पहिल्या पानापासून.
एकेक परत केला.
काही लवकर सापडेनात; वही बल्बसमोर धरून,
पसरलेल्या शाईत बोट फिरवत शोधले.
शेवटचं 'वाईच' जागेवर गेलं तेव्हा
बाहेर पहिली कोल्हापूर गाडी लागली होती
आणि कंडक्टर दोन भाषांत एकच शिवी देत होता.

शेवटचा नाका. ईरूकडं एकच शब्द उरलाय.
राणी स्वतः खाली उतरते. मधमाश्या गप्प.
तिथं वहीत नुसता निळा डाग.

शनिवारी आली तेव्हा विचारलं,
इथला शब्द पाण्यानं गेला काय गं?
"पाण्यानं न्हाई. मीच पुसलाय, थुंकी लावून.
लिवला तर राणी वाचंल की!
जागा सोडा मामा. तीन अक्षरांची."

चिल्लर मोजून दिली,
एक दहाची नोट टेपनं चिकटवलेली.
बापाच्या एम-एटीवर मागं बसून गेली,
कादंबरी फ्रॉकच्या आत, पोटाशी.

आता पत्रिका टाइप करताना
'मांडव' येतो, 'उंबरा' येतो,
नुसतं 'नदीचं' येतं कुणाच्या तरी पत्त्यात,
आणि बोटं थांबतात. हा असेल?
गिऱ्हाईक विचारतं, काय अडलं ओ?
न्हाई, म्हणतो.
काय न्हाई.